बंडानं न दिलेला पास

सौदीतल्या खोबरमधली हवा पालटली की ते आधी कानाला कळतं. सहा-सात महिने अखंड घरघरणारा एसी एका सकाळी बंद असतो आणि त्या शांततेनंच मला जाग येते. खिडकी उघडायला जावं तर चक्क उघडता येते, तोंडावर भाजणारी वाफ येत नाही. समुद्राकडून जराशी ओलसर, जराशी गार झुळूक येते. आणि मग खाली पार्किंगमध्ये कुणीतरी भिंतीवर चेंडू मारत असल्याचा आवाज. धप्. धप्. धप्. झालं! माझा दिवस नासायला तेवढं पुरतं.

लोकांना असल्या हवेत प्रसन्न वाटतं. माझं टाळकं फिरतं. सून मेधा चहा पुढ्यात ठेवत म्हणते, "अण्णा, आज काय छान हवा आहे ना?" मी म्हणतो, "हो, आहे की." आणि मनात म्हणतो, मोकळा होतो मी. एकटा होतो, गोलासमोर होतो, चेंडूच्या मागे होतो. पास द्यायला काय धाड भरली होती त्याला?

तो म्हणजे बंडा. माझा सगळ्यात जुना मित्र. कोल्हापुरात असतो. दोघांचीही नव्वदी आता फार लांब नाही. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं होत आली होती, तेव्हा आम्ही एकाच कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये होतो. त्या हंगामाच्या फायनलमध्ये त्यानं मला एक पास दिला नाही. बास, इतकंच. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? तर घेऊन बसलोय, आहे ते आहे. मला मरायच्या आधी त्याच्या तोंडून एकदा ऐकायचंय की, वश्या, पास द्यायला पाहिजे होता. एकदाच. दुसऱ्यांदा म्हण म्हणून मी आग्रह करणार नाही.

ज्यांनी कोल्हापूर पाहिलेलं नाही त्यांना हे समजायचं नाही. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेतली पोरं जिथं वाढतात, भांडतात, शहाणी होतात किंवा होत नाहीत, ती जागा. प्रत्येक तालमीचा फुटबॉल संघ, आणि त्या संघासाठी पेठेतला म्हातारासुद्धा रस्त्यावर उतरणार. दोन पेठा अशा होत्या की एकीचा चेंडू दुसरीच्या पोराच्या पायाला लागला तरी मारामारी. त्यातली एक माझी, दुसरी बंडाची. नावं मुद्दाम लिहीत नाही. आजही लिहिली तर फोन येतील.

आणि कॉलेजनं काय केलं, तर दोन्ही पेठांतली पोरं उचलून एक टीम बनवली! पाच आमच्यातले, पाच त्यांच्यातले. गोलकीपर निपाणीकडचा, बोर्डिंगात राहणारा. तो कुठल्याच पेठेचा नव्हता, म्हणून शहाणा होता. पहिल्याच प्रॅक्टिसला अर्ध्या तासानं तो गोल सोडून मैदानाच्या मधोमध आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अरे बाबांनो, मला एवढं सांगा, तुम्ही एक टीम आहात का दोन? म्हणजे मला कुणाचा चेंडू अडवायचा ते कळेल."

कारण आमचा चेंडू आमच्यातच फिरायचा आणि त्यांचा त्यांच्यात. ठरवून नव्हे हो. पाय तसेच वळलेले होते. लहानपणापासून ज्या पोराच्या नडगीवर लाथ मारायची, त्याला आता आपण होऊन चेंडू द्यायचा? हात पुढे करून दिला असता एक वेळ, पायानं देववत नव्हता. जिमखान्याचे सर भला माणूस. त्यांनी आधी शिव्या घातल्या, मग हात जोडले, शेवटी तोड काढली. आमची पेठ डावीकडे, त्यांची पेठ उजवीकडे. डावीकडून चढलात तर तुमचे तुम्ही, उजवीकडून चढलात तर तुमचे तुम्ही. एकाच मैदानावर दोन वाटण्या. आणि गंमत बघा, आम्ही जिंकायला लागलो! समोरच्यांना कळायचंच नाही. त्यांना वाटायचं, हा काहीतरी नवा डाव आहे.

तो हिवाळा अजून माझ्या नाकात आहे. गावाबाहेर गुऱ्हाळं लागलेली, संध्याकाळी वारा फिरला की काकवीचा गोड धूर थेट मैदानात. पायाखाली तांबडी माती. बूट निम्म्यांकडे नव्हतेच, घोट्याला पट्ट्या आवळायच्या आणि उतरायचं. चेंडू चामड्याचा, आत ब्लॅडर, तोंडाला नाडी. हेड मारताना नाडीची बाजू कपाळावर आली की वळ उठायचा, आणि तो वळ घेऊन दुसऱ्या दिवशी पोरींच्या बाकांसमोरून दोन-दोनदा जायचं. मॅच झाली की गंगावेशीत म्हशींची धार काढून देतात ते फेसाळ दूध. त्या दुधाच्या मिशीसकट घरी गेलं तर आई म्हणायची, "जिंकलात जणू." हरल्यावर दूध पिण्याची आमच्यात पद्धत नव्हती.

आणि प्रेक्षक! दगडी पायऱ्यांवर एका अंगाला आमची पेठ, दुसऱ्या अंगाला त्यांची. दोघंही कॉलेजसाठी ओरडायला आलेले, म्हणजे एकाच टीमला. पण मी चेंडू घेऊन पळालो की निम्मं मैदान ओरडायचं आणि निम्मं गप्प. बंडा पळाला की उलट. आम्ही गोल मारला तर त्यांच्याकडचे म्हातारे एकमेकांना तंबाखू मळून द्यायचे, जणू काही झालंच नाही. स्वतःच्याच कॉलेजच्या गोलावर तोंड पाडून बसलेली माणसं मी तेव्हा पाहिली.

आता इथं खोबरमध्ये मी काय करतो विचाराल, तर काही नाही. मुलगा अभी इंजिनियर आहे, सकाळी सहाला जातो तो संध्याकाळी उगवतो. उशिरा झालेला पोरगा, एकुलता एक. त्याची आई गेल्यावर मला म्हणाला, "अण्णा, तिथं एकटं राहायचं नाही." आलो. व्हिजिट व्हिसावर आहे, दर तीन महिन्यांनी पुलावरनं बहरीनला जायचं, शिक्का मारायचा आणि तसंच मागं फिरायचं. बाकी वेळ फ्लॅट, खाली उतरलं तर मॉल, गाडीनं नेलं तर समुद्रकाठचा रस्ता, त्याला इथं कॉर्निश म्हणतात. कॉर्निश सुंदर आहे, नाही म्हणत नाही. माणसं चटया टाकून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पितात, पोरं सायकली चालवतात. पण भांडायला माणूस नाही हो! सगळे चांगले वागतात. नात आहे, तिला काही विचारलं तर "आजोबा, इट्स ओके" म्हणते. काय ओके? माझं काही ओके नाही.

म्हणून मी शुक्रवारची वाट बघतो. शुक्रवारी दुपारी बंडाशी व्हिडिओ कॉल असतो. खुब्याचं हाड मोडल्यापासून तो अंथरुणातच आहे. त्याची सून फोन उशीला टेकवून उभा करते, त्यामुळे मला निम्मा वेळ त्याची हनुवटी आणि छताचा पंखाच दिसतो. मी बहरीनच्या पुलाचं सांगितलं तेव्हा ती हनुवटी हसली. "म्हंजे तिथं बी तू ऑफसाइडच की रं! दर तीन महिन्यानं झेंडा वर जातोय!"

हे असं. सरळ कबूल करणं राहिलं बाजूला, उलट मलाच टोचतो. कारण इतकी वर्षं त्याचं एकच पालुपद आहे, "वश्या, तू ऑफसाइड होतास."

ती फायनल पुण्याच्या एका कॉलेजशी होती. त्यांना सगळ्यांना बूट होते. शेवटची मिनिटं चाललेली, बरोबरी. बंडा उजवीकडून सुटला. असा सुटला की त्याच्या पेठेनं पायऱ्यांवर उभं राहून टोप्या उडवल्या. मी डावीकडून त्याच्याबरोबर पळत होतो, एक हात मागे. ते "मागे" फार महत्त्वाचं आहे, कारण चेंडूच्या मागे असलेला माणूस ऑफसाइड होतच नाही, हा साधा नियम आहे. पुण्याचा कीपर गोल सोडून बंडाच्या अंगावर आला. माझ्यासमोर नुसती जाळी. उघडी, मोकळी, वाऱ्यानं हलत असलेली. मी ओरडलो, "बंडा!" आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. ऐकू आलं नाही, दिसलो नाही, असं काही नाही. डोळ्याला डोळा भिडला. आणि त्यानं मान फिरवून स्वतःच मारला. कीपरच्या नडगीला लागून चेंडू बाहेर.

मग उरलेल्या वेळात पुण्यानं गोल केला, करणारच. त्या संध्याकाळी दूध नाही, काही नाही. आमची पेठ म्हणाली, "त्यांचा तो, तुला देतोय व्हय!" त्यांची पेठ म्हणाली, "आमचा पोरगा एकटा लढला." दोन्ही पेठा आपापल्या परीनं खूश होत्या. हरलं ते कॉलेज. बोर्डिंगातला तो कीपर तेवढा गोलाच्या खांबाला टेकून रडत होता, आणि त्याच्याजवळ दोन्ही पेठांतलं कुणी गेलं नाही.

यातली सगळ्यात मोठी चीड कशाची आहे सांगू? मी ऑफसाइड होतो की नव्हतो, हे कधीच ठरणार नाही. लाइनवरचा पंच झेंडा कधी वर करतो? पास दिल्यावर. पासच दिला नाही, तर झेंडा वर जाणार कशाला आणि खाली राहणार कशाला? बंडानं मला गोल करू दिला नाही ते एक वेळ जाऊ दे. त्यानं माझा निकालच लागू दिला नाही. माणूस चूक ठरला तर चार दिवस तोंड लपवतो आणि मोकळा होतो. बरोबर ठरला तर मिशीवर ताव मारतो. मी अजून त्या जाळीसमोर हात वर करून उभाच आहे.

आणि वैरी असता तर बरं झालं असतं! पुढे एकाच फाउंड्रीत नोकरी लागली, शेजारच्या टेबलांवर. माझ्या लग्नात हा कमरेला पंचा बांधून पंगतीत वाढत होता. अभीला लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस दवाखान्यात बसला. बायको गेली तेव्हा पहिला खांदा त्याचा. मागितलं ते दिलं त्यानं, न मागता दिलं. ते एक वाक्य तेवढं दिलं नाही. रंकाळ्यावर फिरताना मी विषय काढला की पाय ओढत म्हणायचा, "आरं, व्हतास ऑफसाइड. कशाला उगाळत बसतोस?" आता त्याचा आवाज दर शुक्रवारी थोडा बारीक होतोय. मध्येच डोळे मिटतो. एकदा तर बोलता बोलता झोपलाच, आणि मी कितीतरी वेळ तो फिरणारा पंखा बघत बसलो. हा माणूस ते वाक्य न बोलताच जाणार, या विचारानं मला इतका राग आला की मेधानं माझं बीपी तपासलं.

त्यात हा अभी! हवा पालटली की इथं त्याच्या फुटबॉल टीमच्या स्पर्धा सुरू होतात. हिरव्या प्लॅस्टिकच्या गवतावर, मोठ्या दिव्यांखाली, सात-सात जणांचा खेळ. ऑफसाइड नसतंच. मी हे बंडाला सांगितलं तर तो खरोखर हळहळला. "ऑफसाइड न्हाई? मग भांडायचं कशावरनं?"

भांडायला बरंच आहे. टीम मराठी माणसांची. निम्मे घाटावरचे, कोल्हापूर-सांगली-पुण्याचे, ऑफिसात बसणारे, पोटं सुटलेले. त्यांचा म्होरक्या आमचा अभी. निम्मे कोकणातले, रत्नागिरी-रायगडचे. त्यांचा म्होरक्या रियाज, राजापूरकडचा, बाजारात मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. डावा पाय असा की बघत राहावं. आणि पहिल्याच मॅचला मी काय बघतो? घाटावरचा घाटावरच्याला पास देतोय, कोकणातला कोकणातल्याला! धर्माचं म्हणाल तर तसंही नाही. गुहागरचा एक गोखले आहे, तोसुद्धा चेंडू आला की आधी रियाजला शोधतो. मावळतीला मगरिबच्या नमाजासाठी खेळ थांबतो, तेव्हा हा गोखले रियाजच्या मंडळींच्या चपला सांभाळत बसतो, पण पलीकडे अभीच्या घोळक्यात पाणी प्यायला येत नाही.

गाडीत बसल्या बसल्या अभीला म्हटलं, "अरे, त्या रियाजला पास का देत नाहीस?"

"देतो की."

"कधी? मी डोळे मिटल्यावर?"

"अण्णा, आम्ही फिटनेससाठी खेळतो. तुमचं कोल्हापूर इथं आणू नका."

"मी आणलं? लेका, ते तूच सामानात भरून आणलंयस!"

मेधा पुढच्या सीटवर हसत सुटली. ती पुण्याची, तिला फुटबॉल म्हणजे एका चेंडूमागे सगळ्यांनी धावणं. पण पुढच्या आठवड्यात मी रियाजलाही गाठलं. म्हटलं, बाबा रे, असं खेळू नये, मी भोगलंय. त्यानं आदबीनं ऐकून घेतलं, मला खजूर दिले आणि म्हणाला, "देतो ना आजोबा. पण आधी तुमचा मुलगा माझ्याकडे बघतो का ते बघा." म्हणजे हाही तसलाच! कुणी कुणाला द्यायचा, आधी कुणी द्यायचा, यातच सगळा हंगाम चाललेला. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून दर शुक्रवारी तेच बघायचो आणि दात-ओठ खायचो. ओरडलो तर अभी लाजायचा. बाकीचे प्रेमानं हात हलवायचे. त्यांना वाटायचं, आजोबा उत्तेजन देतायत.

शेवटची मॅच केरळच्या पोरांशी होती. ती पोरं पाण्यासारखी खेळतात, चेंडू कुणाचा हेच कळत नाही, कारण तो कुणा एकाचा नसतोच. त्या दिवशी दुपारी बंडाला तरतरी होती. म्हणाला, "तुझ्या पोराचा खेळ दाव की मला." म्हणून संध्याकाळी मेधा कडेला उभी राहून फोन मैदानाकडे धरून होती, आवाज पूर्ण मोठा करून, कारण बंडाचा बारीक आवाज एरवी ऐकू येत नाही. तिकडून अधूनमधून खोकला आणि "ह्यो कोण?" "त्यो जाड्या कोण?" असं चाललेलं. "तो माझा नवरा आहे काका," मेधा म्हणाली.

शेवट जवळ आला, बरोबरी होती. आणि अभी सुटला. उजवीकडून. मी खुर्चीतून उठलो, माझं मला कळायच्या आत. त्यांचा कीपर गोल सोडून अभीच्या अंगावर आला. डावीकडे रियाज, एकटा, हात वर केलेला, समोर नुसती जाळी. अभीनं त्याच्याकडे बघितलं. तेच बघणं! माझ्या घशातून आवाजच फुटेना.

आवाज फुटला तो फोनमधून.

"दे की रं त्याला! मोकळा हाय त्यो! पास दे, ए पोरा, पास दे!"

एवढा मोठा की मैदानावरच्या माना वळल्या. त्या बारीक झालेल्या छातीत तो इतका दम कुठनं आला कोण जाणे. अभीनं मात्र मान फिरवली आणि स्वतःच मारला. कीपरच्या गुडघ्याला लागून चेंडू बाहेर. मिनिटभरात केरळवाल्यांनी गोल केला आणि शिट्टी झाली.

मी मेधाच्या हातातून फोन घेतला. "बंडा, काय ओरडलास आत्ता?"

"काय ओरडलो?"

"पास दे म्हणालास. मोकळा आहे म्हणालास."

"व्हताच मोकळा त्यो."

"आणि मी?"

वरचा पंखा फिरत होता. मग तिकडून आवाज आला, नेहमीचा, बारीक. "तू ऑफसाइड व्हतास ते व्हतासच. पर द्यायला पायजे व्हता, वश्या. झेंडा वर गेला असता का न्हाई, ते तरी कळलं असतं."

"परत बोल," मी म्हणालो.

"आता न्हाई. येकदा बोललो."

मी डोळे पुसत होतो तेवढ्यात अभी आला. घामानं निथळत शेजारच्या खुर्चीत आदळला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अण्णा, काही बोलू नका. तो रियाज ऑफसाइड होता."

ज्या खेळात ऑफसाइडच नाही, त्या खेळात! लहानपणापासून घरात तो एकच शब्द ऐकलेला, दुसरं काय सुचणार त्याला? बंडा अजून फोनवर होता. मी तो फोन तसाच अभीच्या हातात दिला.

"पोरा," बंडा म्हणाला, "त्यो कोकणातला गडी अजून हितंच हाय, का गेला?"

अभीनं मान वर करून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. मीही बघितलं. रियाज होता. पाठमोरा बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.